तो दिवस आणि आपली लेकरे

शास्त्रपाठ : लूक १३:१-५, प्रेषितांची कृत्ये १:६-११, २ थेस्सलनीकाकरांस २:१-२ व ३:६-१३



फेब्रुवारी २०२५ मध्ये एक बातमी घरोघर पोचली. '२०२४ वाय आर ४' असे नाव दिलेला एक लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याचा संभव आहे, अशी ती बातमी होती. तो जिथे पडू शकेल त्या लांबच लांब पट्ट्यात अरबी समुद्र व दक्षिण आशिया येत असल्यामुळे मुंबईचे नावही घेतले जाऊ लागले. प्रथम एक टक्का, मग दोन टक्के, आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के, असा संभव वाढत गेला. महिना संपण्यापूर्वीच तो जवळजवळ शून्यावर आला आणि २०३२ साली पृथ्वीला या लघुग्रहापासून धोका नाही असे ठरले. परंतु ही दुसरी बातमी पहिलीइतकी वेगाने धावली नाही. भयाला पंख असतात, दिलाशाला पायी चालावे लागते.

अशा वेळी रविवारच्या शाळेत एखादे लेकरू हात वर करते आणि विचारते, "बाई, आपण सगळे मरणार का?" त्या लेकराला आपण काय उत्तर देणार, हा आजच्या मननाचा विषय आहे. प्रश्न लहान मुलाचा असला तरी उत्तर हलके असू नये. ते का, हे पुढे सांगतो.

आकाशातून धोंडे पडतात काय?

होय, पडतात. हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्याच महाराष्ट्रात, बुलढाणा जिल्ह्यात, लोणार येथे हजारो वर्षांपूर्वी एक मोठा अशनी काळ्या पाषाणावर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर झाले. आज त्या विवरात खारे सरोवर आहे, काठाने झाडी आहे, पक्षी आहेत, आणि जवळच लोणार गाव नांदते आहे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटर आकाराचा अशनी आकाशातच फुटला. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, पण त्याने कोणी दगावले नाही. बहुतेकांना लागल्या त्या खिडक्यांच्या फुटलेल्या काचा. प्रकाश पाहून लोक खिडकीशी धावले आणि मागाहून धक्का आला.

मग भ्यावे काय? जाणते लोक काय सांगतात ते ऐका. एक किलोमीटरहून मोठे जे लघुग्रह पृथ्वीच्या वाटेजवळून फिरतात, त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक शोधून काढलेले आहेत, आणि त्यांतील एकही येत्या शंभर वर्षांत आपल्यावर आदळणारा नाही. लहान लघुग्रहांचा शोध रात्रंदिवस चालू आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या नासा या संस्थेने 'डार्ट' नावाचे यान डायमॉर्फस या लहानशा लघुग्रहावर मुद्दाम आदळवले. तो ज्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो, त्याभोवतीच्या फेरीचा वेळ त्या धडकेने अर्ध्या तासाहून अधिक कमी झाला. म्हणजे वेळेवर कळले तर असा धोंडा वाटेवरून थोडा सरकवता येईल, हे मनुष्याने करून पाहिले आहे. योसेफाने मिसर देशात दुष्काळ येणार हे कळल्यावर लोकांना रडवले नाही. त्याने कोठारे बांधली. जो वेळीच पाहतो आणि कोठार बांधतो, तो देवाने दिलेल्या बुद्धीचा मान राखतो.

पण संभव वाढत का गेला, असे कोणी विचारील. एक दाखला घेऊ. इंदूरच्या टपालात एक पत्र आले आहे, पण पावसात भिजून त्यावरचा पत्ता पुसट झाला आहे. प्रथम फक्त 'इंदूर' एवढेच वाचता येते. ते पत्र आपलेच असण्याचा संभव लाखात एक. मग भिंग लावून 'तुकोगंज' हे शब्द लागतात. आपण तुकोगंजात राहत असू तर संभव वाढला, काही हजारांत एक झाला. मग गल्लीचे नाव लागते, तीही आपलीच. संभव पन्नासात एक. आपले काळीज धडधडू लागते. शेवटी घराचा नंबर लागतो आणि तो दुसऱ्याचाच निघतो. पत्र काही आपल्या घराकडे धावत नव्हते. वाचणाऱ्याची नजर तेवढी बारीक होत होती. लघुग्रहाचेही असेच होते. त्याची वाट नव्याने मोजू लागले की अंदाजाचा पट्टा रुंद असतो. पट्टा अरुंद होत जातो तसा त्यात पृथ्वीचा वाटा मोठा दिसू लागतो आणि मग बहुधा एके दिवशी पट्टा पृथ्वीवरून सरकून जातो.

हे ध्यानात ठेवा, कारण असा प्रसंग पुन्हा येणार आहे. अपोफिस नावाचा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरांवरून जाईल. २००४ साली त्याच्याविषयी हीच धास्ती पसरली होती. २०२१ साली नीट मोजमाप झाल्यावर, निदान शंभर वर्षे तो आपल्याला लागणार नाही, असे निश्चित झाले. त्या आठवड्यात आपल्या मुलांच्या कानावर काय काय पडेल याची कल्पना करा आणि आतापासूनच तयारी ठेवा.

तारखा सांगणारे

जगाच्या अंताची तारीख सांगणारे प्रत्येक पिढीत झाले. आपल्यांतील वृद्ध मंडळींना फेब्रुवारी १९६२ मधील अष्टग्रही आठवत असेल. आठ ग्रह एका राशीत येणार म्हणून देशभर धास्ती पसरली आणि ठिकठिकाणी यज्ञयाग झाले. त्या तारखा आल्या व गेल्या. ११ जुलै १९७९ रोजी अमेरिकेची स्कायलॅब ही अवकाशातील प्रयोगशाळा खाली आली. ती आपल्याच माथ्यावर पडणार म्हणून गावोगावी लोक धास्तावले होते. तिचे तुकडे हिंदी महासागरात व ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. कोणालाही इजा झाली नाही. २१ डिसेंबर २०१२ हीही अशीच गाजलेली तारीख.

इतरांच्या भयाला आपण हसू नये, कारण ख्रिस्ती लोकांनी या बाबतीत इतरांहून कमी केलेले नाही. अमेरिकेतील विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा प्रभूच्या आगमनाचा दिवस धरला होता. त्या रात्री पुष्कळ भाविक जागत बसले, आणि सकाळी नेहमीसारखा सूर्य उगवला. पुष्कळांची मने मोडली. हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली, ती चुकल्यावर २१ ऑक्टोबर सांगितली, आणि पुढच्या वर्षी आपले चुकले हे कबूल केले. ही माणसे पवित्र शास्त्र वाचणारी होती. परंतु जी गोष्ट पुत्रालाही ठाऊक नाही असे मत्तय २४:३६ मध्ये प्रभूने स्वतः सांगितले, ती आपल्याला ठाऊक आहे असे त्यांनी मानले.

सप्टेंबर २००८

आता जी गोष्ट सांगतो ती आपल्या मध्य प्रदेशातील आहे आणि ती सांगताना मन जड होते.

१० सप्टेंबर २००८ रोजी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहराजवळ, जमिनीखाली २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात, एक प्रचंड यंत्र प्रथम सुरू व्हायचे होते. पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांची टक्कर घडवून सृष्टीची घडण जाणून घ्यावी, हा त्याचा उद्देश. काही वाहिन्यांनी दिवसेंदिवस दाखवले की यामुळे पृथ्वी गिळली जाईल, जगाचा अंत होईल. वास्तविक त्या दिवशी कणांची टक्कर व्हायचीही नव्हती. फक्त एक झोत फिरवून पाहायचा होता. शिवाय अशा टकरी, आणि याहून जोरदार, अवकाशातून येणारे किरण आपल्या वातावरणात पृथ्वीच्या आरंभापासून घडवीत आले आहेत, आणि पृथ्वी आहे तिथेच आहे.

पण मध्य प्रदेशातील एका सोळा वर्षांच्या मुलीपर्यंत हे शब्द पोचले नाहीत. त्या कार्यक्रमांनी ती इतकी भेदरली की तिने आपले जीवन संपवले. तिच्या वडिलांनी सांगितले की आम्ही तिचे मन दुसरीकडे वळवायचा प्रयत्न केला, काळजी करू नकोस असे सांगितले, पण उपयोग झाला नाही.

त्या यंत्राचे जे हजाराहून अधिक मोठे चुंबक आहेत, एकेक तीस टनांहून जड, ते ज्या आधारांवर उभे आहेत ते आधार आपल्या भारतातून गेले. ते असे सुमारे सात हजार आहेत आणि केसाच्या जाडीइतक्या अचूकतेने ते चुंबक जागेवर बसवतात. त्यांची आखणी आपल्या इंदुरातल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात झाली. ज्या यंत्राच्या भयाने ती लेकी गेली, त्याचे पाय घडवणारी माणसे याच माळव्यात राहत होती, याच बाजारात भाजी घेत होती, आणि संध्याकाळी आपल्या मुलांचा अभ्यास घेत होती. त्यांना ते यंत्र ठाऊक होते, म्हणून त्यांना त्याचे भय नव्हते. आणि तिच्यापाशी बसून ते समजावून सांगणारा कोणी तिला भेटला नाही.

आईबापांना दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. आपण प्रत्येकाने आपल्या मुलांना तेच सांगितले असते. परंतु यातून एक गोष्ट आपण शिकलीच पाहिजे. "घाबरू नकोस" एवढे शब्द भ्यालेल्या लेकराला पुरत नाहीत.

देवाचे वचन कसा धीर देते

पवित्र शास्त्रात भिऊ नका ही आज्ञा पुष्कळ ठिकाणी आहे. पण शोधून पाहा, ती बहुधा एकटी येत नाही. तिच्या जोडीला कोणाची तरी सोबत असते. रात्री वादळात शिष्य भुताच्या भयाने ओरडले, तेव्हा प्रभूने त्यांना केवळ गप्प केले नाही. तो मीच आहे, ही ओळख त्याने दिली व तो तारवात चढला (मत्तय १४). मेंढपाळ घाबरले तेव्हा देवदूताने त्यांना आनंदाची सुवार्ता दिली आणि कुठे जाऊन काय पाहायचे हेही सांगितले (लूक २). देव भयाला दटावत नाही. तो जवळ येतो, खरे सांगतो आणि पुढचे पाऊल दाखवतो. या तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

सिलोहाचा बुरूज कोसळला आणि अठरा माणसे मेली. वरून काहीतरी पडते आणि निरपराध माणसे मरतात, हा प्रश्न त्या काळीही होता. ते इतरांहून अधिक पापी होते काय? प्रभू म्हणाला, तसे नाही. पुढचा बुरूज केव्हा पडेल हे मात्र त्याने सांगितले नाही. त्याने ऐकणाऱ्यांना पश्चात्तापास बोलावले, देवाकडे वळण्यास बोलावले, आणि ते त्याच दिवशी. आग्रा-मुंबई रस्त्यावरून रोज कामाला जाणाऱ्याला लघुग्रहाची वाट पाहण्याची गरज नाही. आपले दिवस आपल्या हाती नाहीत हे त्याला ठाऊकच आहे. म्हणून भावाशी आज समेट करावा, ज्याचे देणे आहे ते आज द्यावे, प्रार्थना आज करावी. यात घबराट नाही. यालाच शास्त्र जागे राहणे म्हणते.

थेस्सलनीका येथील मंडळीची गोष्ट तर आपल्या काळचीच वाटते. प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे अशी आवई तिथे उठली होती, आणि ती जणू पौलाच्याच नावाच्या पत्राने आली होती. आज व्हॉट्सअ‍ॅपवर कोणा मोठ्या माणसाच्या नावाने निरोप फिरतात, तसेच ते. पौलाने लिहिले की असल्या निरोपाने मन लगेच ढळू देऊ नका. काही जण कामधंदा सोडून लुडबुड करीत फिरत होते; त्यांना त्याने सांगितले की स्वस्थपणे काम करा आणि आपली भाकर मिळवून खा. पौल स्वतः तंबू शिवणारा होता. प्रभूची वाट पाहणाऱ्याच्या हातात सुई-दोरा असावा, हे त्याने आपल्या हातांनी दाखवले.

कोणी प्रकटीकरणाच्या आठव्या अध्यायातील कडूदवणा नावाचा जळता तारा दाखवतील आणि म्हणतील, पाहा, हाच तो लघुग्रह. त्यांना विनयाने विचारा की हे पुस्तक कोणासाठी लिहिले गेले? छळ सोसणाऱ्या सात मंडळ्यांसाठी, त्यांनी टिकून राहावे म्हणून. त्याचा शेवट धोंड्याने होत नाही. एकविसाव्या अध्यायात देव आपल्या लोकांच्या डोळ्यांचे अश्रू स्वतः पुसतो. जो उपदेश अश्रू पुसण्याऐवजी मुलांना रात्री झोपू देत नाही, त्याने ते पुस्तक अर्ध्यावरच मिटले आहे.

आणि प्रभूच्या स्वर्गारोहणाचा दिवस आठवा. शिष्यांनी आधी काळवेळ विचारली होती. ती तुमच्याकडे नाही असे त्यांना सांगण्यात आले, आणि साक्षी होण्याचे काम देण्यात आले. तरी ते वर पाहत उभेच राहिले. तेव्हा शुभ्र वस्त्रे नेसलेल्या दोघा पुरुषांनी त्यांना हटकले: जो गेला तोच येणार आहे. म्हणजे येणारा कोणी अनोळखी नव्हे. ज्याने लेकरांना मांडीवर घेतले, ज्याच्या हातांना खिळ्यांचे व्रण आहेत, तोच येणार. प्रवासाला गेलेला बाप केव्हा परतेल हे ठाऊक नसले म्हणून लेकरे थरथरत नाहीत. ती दाराशी दिवा ठेवतात.

संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी

पहिले, मुलाचे आधी ऐकून घ्या. त्याने काय पाहिले, कुठे पाहिले, त्याला नेमके कशाचे भय वाटते, हे विचारा. हसू नका आणि वर्गापुढे त्याची फजिती करू नका.

दुसरे, खरे सांगा. लोणार सांगा, चेल्याबिन्स्क सांगा, डार्टही सांगा. वरचा टपालाचा दाखला फळ्यावर नकाशा काढून समजावता येईल. आकाशात एकाएकी मोठा प्रकाश दिसला तर खिडकीपासून दूर व्हावे, एवढे साधे ज्ञानही मुलांना बळ देते.

तिसरे, आकाशाची मैत्री करून द्या. उज्जैन इंदूरहून फार दूर नाही. अठराव्या शतकात सवाई जयसिंगांनी बांधलेली वेधशाळा तिथे आजही आहे. वर्गाची सहल तिथे न्या. रात्री गच्चीवर बसून आठवे स्तोत्र वाचा. ज्या तारांगणाची ओळख झाली त्याचे भय उरत नाही.

चौथे, अंतकाळाचे भय दाखवून मुलांचे हृदयपरिवर्तन करू पाहू नका. भयाने वर केलेला हात पुढच्या रविवारी खाली येतो.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे. एखादे मूल झोपत नसेल, जेवत नसेल, गप्प गप्प राहू लागले असेल किंवा आता जगून काय उपयोग असे बोलू लागले असेल, तर त्याला एकटे सोडू नका. त्याला सरळ विचारा, त्याच्यापाशी बसा, त्याच दिवशी आईवडिलांना सांगा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो. तो मंडळीच्या फलकावर लिहून ठेवा. अशी मदत घेण्यात विश्वासाची उणीव नाही. चांगल्या शोमरोन्यानेही जखमी माणसाला उतारशाळेत पोचवून दुसऱ्याच्या हाती सोपवले होते.

प्रियजनहो, तो दिवस पित्याने आपल्या अधिकारात ठेवला आहे. लेकरे मात्र त्याने आपल्या हाती दिली आहेत. जे त्याने स्वतःकडे ठेवले त्याचा हिशेब तो आपल्याकडे मागणार नाही. जे त्याने आपल्या हाती दिले त्याचा मागेल. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात, जी काहीही आपल्याला ख्रिस्ताच्या प्रीतीपासून वेगळे करू शकणार नाहीत अशा गोष्टींची यादी दिली आहे. त्यात पुढे होणाऱ्या गोष्टी आहेत आणि उंचीही आहे. उंचावरून येणारे आणि उद्या येणारे, दोन्ही त्यात आले. हे वचन या आठवड्यात आपल्या घरात एकदा मोठ्याने वाचा, आणि वाचताना लेकराला जवळ घ्या.

प्रार्थना

हे आकाश व पृथ्वी यांच्या उत्पन्नकर्त्या पित्या, तारे तू मोजले आहेस आणि आमच्या लेकरांची नावे तुला ठाऊक आहेत. जी लेकरे आज रात्री भयाने जागी आहेत त्यांच्या उशाशी कोणाला तरी पाठव, आणि ते आम्ही असू तर आम्हांस जाण्याची बुद्धी दे. ज्या घरांतून अशी लेकरे गेली त्या घरांचे तू सांत्वन कर. तुझा पुत्र येईल तेव्हा आम्ही आपापल्या कामावर, एकमेकांच्या सोबतीला, जागे सापडावे असे कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.